अकरा माणसांची वाडी

कडोदऱ्याहून चलथाणकडे निघालं की डाव्या हाताला लूमच्या खात्यांची, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांची, रांग लागते आणि ती संपली की ऊस सुरू होतो. ह्या दोहोंच्या मध्ये जी चिंचोळी खारवट जमीन कुणालाच नको होती, तिच्यावर बहात्तर खोल्या उभ्या होत्या. पूर्वेला कालव्याची पाटचारी, पश्चिमेला खात्यांच्या मागच्या भिंती, उत्तरेला ऊस आणि दक्षिणेला हमरस्ता, असा तिचा चतु:सीमेचा सगळा भूगोल. उंचवटा म्हणाल तर एकच, मारुतीच्या ओट्याचा. खानदेशी वाडी म्हणायचे तिला. पोस्टमन मात्र काहीच म्हणायचा नाही, कारण तो आत येतच नसे; पत्रं रस्त्यावरच्या चहावाल्याकडे टाकून पुढं जायचा.

लोकसंख्या तीनशे बारा. हा आकडा सरकारी नाही, चिंधानं स्वतः खोलीखोलीत डोकावून मोजलेला आहे. सरकारी कागदावर ह्या वाडीत अकरा माणसं राहत होती.

मग बाकीची तीनशे एक गेली कुठं, असं कुणी विचारील. ती कुठंच गेली नव्हती. तिथंच राहत होती, खात्यांत बारा-बारा तास उभी राहत होती, तिथंच बाळंत होत होती. आणि ज्यानं त्यांना कागदावर येऊ दिलं नाही, तोही तिथंच राहत होता. तो म्हणजे चिंधाच.

चिंधा तामखेड्याचा. अमळनेरपासून दहा कोसांवरचं ते गाव सोडून तो सुरतेत आला त्याला पंचवीस वर्षं झाली होती. आधी लिंबायतला राहिला, मग खाती शहराबाहेर सरकली तशी त्यांच्या मागोमाग इकडे आला. त्यानं एकेकाला गावाहून आणलं, कामाला लावलं, शेजारी खोली बांधून दिली. बहात्तरातल्या पासष्ट खोल्या तामखेड्याच्या झाल्या त्या अशा. लूमच्या खडखडाटानं कान जरा मंदावले तेव्हा तो बॉबिनी भरायच्या हलक्या कामावर बसला, पण वाडीतलं त्याचं वजन कमी झालं नाही. कुणाची सोयरीक असो की कुणाचं भांडण, चिंधा आप्पाला विचारल्याशिवाय पान हलत नसे. असल्या माणसाकडून चूक झाली की ती एकट्याची राहत नाही.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत खानेसुमारी आली. त्याच्या आठच दिवस आधी चिंधाच्या धाकट्या भावाचं, सुपडूचं, आंतर्देशीय पत्र आलं होतं. तिकडे नाव लिहू नका, तिकडचे झालात की इथलं रेशनकार्ड कापतील आणि घराच्या जागेवर कुणीही हक्क सांगेल, असं त्यात होतं. सुपडूला हे कुणी सांगितलं होतं ते सुपडूलाच ठाऊक. पण तो चौथीपर्यंत शिकलेला आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसणारा. त्याचं म्हणणं चिंधाला शंभर टक्के पटलं. खरं सांगायचं तर पत्र आलं नसतं तरी त्यानं तेच केलं असतं. पंचवीस वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की आपण इथले नाही, कामापुरते आहोत. हे म्हणत राहिलं की ती पाटचारी, तो वास, ते पत्रे, सगळं सोसता येतं.

तेव्हा मोजणीचा मास्तर आला, कुठल्याशा गुजराती शाळेतला भला माणूस, तर चिंधानं त्याच्यासाठी खाट टाकली, चहा पाजला आणि त्याच्याबरोबर दारोदार हिंडला. दार उघडायच्या आत आपणच सांगायचा. आम्ही पाव्हणे, दोन-चार महिन्यांचे, आखाजीला घरी जाणार. आपण इथले नाही म्हणायचं, हे आदल्या रात्री त्यानं सगळ्यांना बजावून ठेवलंच होतं.

"सांगा, आम्ही आठला नहीत. आमनं घर तामखेडाले शे."

मास्तरला अजून तीन वस्त्या करायच्या होत्या. काम वाचतंय म्हटल्यावर त्यानं फार खोदून विचारलं नाही.

चिंधाच्या खोलीपाशी आले तेव्हा उंबऱ्यावर त्याची नात उभी होती, मुलगा वाल्मिकची गायत्री, अडीच वर्षांची. तिनं मास्तरच्या पिशवीचा बंद धरला आणि सोडीना. मास्तर हसला, ही कुणाची म्हणून विचारू लागला. चिंधाही हसला.

"मेरी पोती है. ये भी मेहमान है, साहब."

ती त्याच खोलीत जन्मली होती.

शेवटच्या टोकाला बळीराम राहायचा, बीडकडचा. बायको छाया आणि चार पोरं. त्याला मागं ना जमीन होती ना भाऊ. चिंधानं खूण केली तरी तो मास्तरला म्हणाला, "आमाला मागं कोण हाय, गुरुजी? आमी इथलेच. लिव्हा." त्याच्या शेजारच्या दोन घरांनीही त्याचं पाहून नावं सांगितली. बळीरामाची सहा आणि ती पाच. संध्याकाळी वाडीभर हसू चाललं होतं की बळीरामानं आपलं गाव विकलं.

वाडीला पाणी नव्हतं. एक शेठ खात्यामागच्या नळावर सकाळी दोन तास भरू द्यायचा आणि उन्हाळा चढला की तेही बंद करायचा. बाकी सगळं पाटचारीचं. वरच्या अंगाला म्हशी बसायच्या, खालच्या अंगाला बाया भरायच्या, आणि पावसाळ्यात उसातलं सगळं वाहून त्यातच यायचं. त्या श्रावणात गायत्रीला जुलाब लागले. दीड दिवसात पोर इतकी वाळली की उचलताना हाताला काही लागेना. दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांना शीर सापडली नाही. शेवटपर्यंत ती पाणी मागत होती आणि तिची आई योगिता, डॉक्टर नको म्हणाले म्हणून, देत नव्हती. चिंधा बाहेर बाकड्यावर बसून ते ऐकत होता. लूमनं अर्धे कान नेले होते, पण ते मागणं त्याला पूर्ण ऐकू आलं.

तेराव्यानंतर तो तालुक्याच्या कचेरीत गेला. हातपंप पाहिजे म्हणाला. कारकुनानं जाडं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, पंप अडीचशे माणसांमागे एक. तुमच्या वाडीत अकरा आहेत."

चिंधाला वाटलं, त्याचं काहीतरी चुकलं असेल. मग त्याला चहा आठवला, खाट आठवली, मास्तरच्या पिशवीचा बंद धरलेली चिमुकली मूठ आठवली. कचेरीच्या पायरीवर तो इतका वेळ बसून राहिला की शिपायानं त्याला उठवलं. त्याला स्वतःची शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

त्यानं सुपडूला पत्र टाकलं, निदान गावात तरी आमची नावं आहेत ना म्हणून. उत्तर आलं की नाही, इथल्या मास्तरनं सहा महिन्यांवर बाहेर असलेल्यांना धरलंच नाही. म्हणजे तीनशे एक माणसं इथं नव्हती आणि तिथंही नव्हती. आणि गायत्री तर आता कधीच कुठल्या मोजणीत येणार नव्हती. तीन वर्षं ती ह्या जगात होती, हे एकाही कागदावर नाही. ते पत्र चिंधानं पेटीच्या तळाशी घातलं आणि त्याबद्दल बायकोलाही सांगितलं नाही. उषाबाईला एवढंच ठाऊक होतं की नवऱ्यानं सगळ्यांची नावं गावाकडे लिहायला लावली.

माघात योगिताला पुन्हा दिवस गेल्याचं स्पष्ट दिसू लागलं. सातव्यात ती तामखेड्याशेजारी माहेरी गेली, आणि जाताना सासऱ्याच्या पाया पडून म्हणाली, "दादा, पोर व्हवावर मी आठे लई येऊ का?" तिनं पाण्याचं नाव काढलं नाही. काढायची गरज नव्हती. चिंधा म्हणाला, "लई ये बेटा. पंप बसेल ऱ्हाई."

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. आठवड्यातून दोनदा कचेरीत. मोठ्या साहेबाच्या दाराशी इतके दिवस उभा राहिला की एकदा साहेबानं स्वतःच बोलावलं. म्हातारा माणूस होता, चष्मा कपाळावर चढवून त्यानं सगळं ऐकून घेतलं. रजिस्टर बदलता येणार नाही, पण मी माणूस पाठवतो, म्हणाला. तो डोकी मोजील. हजर असलेलीच. अडीचशे भरली तर ह्या वर्षीच्या यादीत तुमचा पंप घालतो. यादी मेअखेर बंद होते. कारकुनानं तारीख दिली, चार मे, सोमवार.

चिंधा घरी आला तो जवळजवळ पळतच. उषाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि परत सुपात पाहिलं.

"पाचले आखाजी शे," ती म्हणाली.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि खानदेशी माणसाला दिवाळी चुकली तरी चालते, आखाजी नाही. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या होतात. खाती दोन-तीन दिवस जवळजवळ बंद पडतात, कारण चालवायला माणूसच उरत नाही. सगळी वाडी आदल्या शनिवारी-रविवारी गाडीत बसते. पंचवीस वर्षं एकही आखाजी न चुकवलेला माणूस कचेरीत इंग्रजी तारीख ऐकून मान हलवून आला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. कारकून म्हणाला, दुसरा दिवस नाही, पाहिजे असेल तर पुढच्या वर्षी अर्ज करा.

मारुतीच्या ओट्यावर त्यानं सगळ्यांना बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा तो वाडीपुढं हात जोडून उभा राहिला. एक आखाजी सोडा म्हणाला, एकच. त्यावर सुकदेव बोलला. सुकदेव जॉबर होता, लूम दुरुस्त करणारा, बोलायला फटकळ, पण मनात ठेवणारा नव्हता.

"आप्पा, मागला साल तुम्हीच सांगं ना, आम्ही आठला नहीत म्हनीसन? आते म्हनतस आठला व्हई जा. मन्या दोन्ही आंडेरी माहेरले येतीस. त्यासले काय सांगू? बाप पंप मोजी राहिना?"

लोक हसले. चिंधा हसला नाही.

"गायत्री गयी," तो म्हणाला. "तुमना भी पोरं तेच पानी पेतस."

 मग मागून एका म्हातारीनं, प्रमिलाबाईनं, विचारलं, "तुमना घरनी घागर कोठे भराई औंदा?"

हा प्रश्न साधा नव्हता. आखाजीला घरातल्या गेलेल्यांच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरून पुजतात, वर आंबा नि सांजोरी ठेवतात. वर्षाच्या आत कुणी गेलं असेल तर त्याची ती पहिली घागर. ती भरेपर्यंत गेलेला जीव तहानलेला फिरतो, असं ही माणसं मानतात. आणि घागर भरायची ती गावच्या घरात, जिथं आधीच्या सगळ्यांच्या भरल्या. चिंधाच्या घरातून त्या वर्षी एकच जण गेलं होतं.

"आठेच," चिंधा म्हणाला. "गायत्रीनी घागर आठे भरसूत. उषा भी आठेच ऱ्हाई."

सुकदेवनं मान खाली घातली. "तुम्ही तिनी घागर आठे भरतस, तं मंग आम्हना काय? ऱ्हातस आम्ही." एकेक करून सगळ्यांनी माना डोलावल्या. चिंधाचा ऊर भरून आला. फक्त ज्या बाईच्या नावानं त्यानं शब्द दिला होता, तिला त्यानं विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं सांगितलं तेव्हा उषाबाई चुलीपाशी होती. तिनं आवाज चढवला नाही.

"कोनतं पानी भरू?"

"काय?"

"घागरमा. कोनतं पानी भरू? पाटचारीनं? जे पानी पिसन ती गयी, तेच भरीसन तिले पाजू?"

 मग तो म्हणाला, कडोदऱ्याच्या देवळात बोअर आहे, तिथून चांगलं पाणी आणीन.  उषाबाई भाकरी थापत राहिली. ती गप्प राहिली म्हणजे तिला पटलं, असं त्यानं धरलं. बत्तीस वर्षं संसार करूनही ही खोड काही नवऱ्यांची जात नाही.

रविवारी सकाळी तो सायकलला दोन कॅन बांधून देवळात गेला. रांग होती, पुजाऱ्याच्या विनवण्या कराव्या लागल्या, पण दोन्ही कॅन काठोकाठ भरून मिळाले. सायकल हातानं ढकलत, सांडू नये म्हणून खड्डे चुकवत तो परत आला तेव्हा ऊन चढलं होतं. वाडीच्या तोंडाशी त्याला पहिलं कुलूप दिसलं. मग दुसरं. मग एका ओळीत नऊ. बळीरामाची छाया पाटचारीवरून हंडा घेऊन येत होती. 

"काकू गेल्या, आप्पा," ती म्हणाली. "नवी घागर डोक्यावर घिऊन, मधल्या रस्त्यानं. वाल्मिकदादा बी संगं हाये. सगळ्यानी बगितलं. मंग काय, जो तो पिशवी भरायला लागला."

चिंधानं सायकल तिथंच भिंतीला टेकवली आणि चलथाण स्टेशनकडे पळाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पायात स्लीपर. एक तुटली ती त्यानं सोडून दिली. फलाटावर सगळी वाडीच होती. पेट्या, गाठोडी, नवे फ्रॉक घातलेल्या पोरी. त्याला पाहून लोकांनी नजरा दुसरीकडे वळवल्या. सुकदेव तेवढा पुढं आला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, काकीच निंघनी. मंग आम्ही कोनले धरीसन बसू?"

उषाबाई टोकाच्या बाकड्यावर बसली होती, घागर जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर धरलेली, तान्ह्याला धरावं तशी. मुलगा वाल्मिक बाजूला उभा होता. बापाकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"घर चाल," चिंधा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "पानी आनं मी. चांगलं पानी. दोन कॅन."

"आज आनं," उषाबाई म्हणाली. "रोज कोन आनी?"

"एक दिवस ऱ्हाय. उद्या मोजी लेतीन, मंग रातनी गाडीमा आपुन दोन्ही जाऊत. मी तुना पाय धरस."

आणि त्यानं खरंच धरले. भरल्या फलाटावर, तामखेड्याच्या पासष्ट घरांसमोर, वाडीच्या चिंधा आप्पानं वाकून बायकोचे पाय धरले. बाया तोंडात पदर धरून उभ्या राहिल्या. उषाबाई दचकून उठली, मागं सरकली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"तुम्ही तिले जठे लिखाडं, तठेच मी तिनी घागर भरसू."

तिथंही तिला लिहिलेलं नाही, हे चिंधाच्या अगदी ओठांवर आलं. पेटीच्या तळाचं ते पत्र त्याला डोळ्यांपुढं दिसत होतं. ते सांगितलं असतं तर ती कदाचित थांबली असती. पण ते सांगायचं म्हणजे ह्या बाईला सांगायचं की तुझी नात मी कुठंच ठेवली नाही.  गाडी आली. उषाबाई चढली, तिच्यामागं वाल्मिक, आणि त्यांच्यामागं सगळे. पाच मिनिटांत फलाट रिकामा झाला.

सोमवारी अकराच्या सुमाराला मोजणारा आला, लूनावरून, कागदाची फाईल पोटाशी धरून. तरुण होता, उन्हानं लाल झालेला. चिंधानं खाट टाकली. तिचा पाय धरून ओढत आणताना त्याला आठवलं की मागल्या खेपेलाही हीच खाट होती.

बळीरामानं आपली पोरं आंघोळ घालून ओळीत उभी केली होती. बिगर-खानदेशी सात खोल्या, दोन ओल्या बाळंतिणी, तापानं निजलेला एक म्हातारा आणि त्यांची माणसं. प्रमिलाबाईही राहिली होती. तिला कुणी नेलं नव्हतं. मोजणाऱ्यानं बोट नाचवत सगळी डोकी मोजली, पुन्हा एकदा मोजली. सत्तेचाळीस.

"बस? और कोई?"

"बाकी आखाजीला गेलेत," चिंधा म्हणाला. "तीनशे बारा आहेत, साहेब. कुलपं मोजा. आत चुली आहेत, अंथरुणं आहेत. आठ दिवसांनी या, सगळे दाखवतो."

"काका, मी कुलपं कशी लिहू?" तो पोरगा वाईट नव्हता. त्यानं चिंधाकडे पाहिलं आणि फॉर्मवर पेन टेकवलं. "तुमचं लिहू या. तमे क्यांना, कुठले?"

"अहींनाच," चिंधा म्हणाला. इथलाच.

"किती वर्षं?"

"सव्वीस."

"घरात किती?"

चिंधा हिशोब करू लागला. आपण, उषा, वाल्मिक, योगिता. त्यानं चार बोटं वर केली. मोजणाऱ्यानं मागं वळून उघड्या दारातून आत पाहिलं.

"हजर किती?"

"एक," चिंधा म्हणाला.

काम संपलं तसं त्या पोरानं घसा कोरडा पडल्याचं सांगितलं. चिंधा आत गेला आणि कॅनमधलं पाणी तांब्यात ओतून घेऊन आला. दुसरं पाणी त्याला द्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. पाहुण्याला पाटचारीचं कसं पाजायचं? पोरानं तांब्या वर धरून घटाघटा सगळा संपवला, तोंड पुसलं आणि मनापासून तारीफ केली, "पाणी तो बहु सारूं छे तमारूं."

चिंधा सांगू लागला की हे पाणी इथलं नाही, देवळातलं आहे, कालचं आहे, माझ्या नातीसाठी आणलेलं आहे. सगळं एकदम सांगायला गेला, तोवर पोरानं लूनाला किक मारली होती. बळीराम शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं चिंधाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मागल्या साली त्याला हसलेल्या माणसाला तो हात फार जड वाटला.

दुसऱ्या दिवशी आखाजी. घागर तर उषाबाईनं नेली होती. चिंधानं फळीवरून गायत्रीचा स्टीलचा पेला काढला, कानाशी चेपलेला. दुसऱ्या कॅनमधलं पाणी त्यात ओतलं, तो भिंतीशी मांडला आणि त्याच्यावर अर्धा आंबा ठेवला. मंत्र त्याला येत नव्हते. "पी माय," एवढंच म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरलं नाही. वाडीत ऐकायला कुणी नव्हतं.

आठ दिवसांनी माणसं परत आली. कुलपं निघाली, पोरांचा गलका सुरू झाला, पाटचारीवर हंड्यांची रांग लागली. चिंधानं सवयीनं मोजलं. तीनशे नऊ. सुकदेव येऊन बसला, आंब्याची टोपली त्यानं पुढं सरकवली. त्यानंही पंपाचं नाव काढलं नाही.

वाल्मिक एकटा आला होता. आखाजीच्या दिवशीच योगिताला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं तो म्हणाला. आई मात्र तिथंच राहिली.

"कव्हय येई ती?"

वाल्मिकनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मग त्यानं सगळं सांगितलं. घागर पुजून झाली आणि दुसऱ्या दिवशी उषाबाई ग्रामसेवकाकडे गेली. माझ्या नातीचं नाव मोजणीच्या कागदावर कुठं आहे ते दाखवा म्हणाली. तिला अक्षर येत नाही, पण ते नाव तिला पाहायचं होतं, त्याला हात लावायचा होता. ग्रामसेवकानं सगळी पानं उलटली. मग सुपडूनं तिला काय ते सांगितलं.

"घर येईसन ती दोन दिवस बोलनीच नही," वाल्मिक म्हणाला. "आते ग्रामसेवक इचारी राहिना. नवी पोरनं नाव लिखानं शे, राहनार कोठली म्हनीसन. मायनी सांगं, तुना बापले इचारी ये. म्हने, ह्यावक्ती खरं सांगजो म्हना."

चिंधा दाराबाहेर बघत राहिला. पाटचारीच्या रांगेत छाया उभी होती, तिच्या पुढं सुकदेवची म्हातारी, त्यांच्या पुढं कुणाच्या तरी दोन पोरी ओंजळीनं पाणी पीत होत्या. पोर इथली लिहिली असती तर वाडीच्या नावावर एक डोकं वाढलं असतं. सत्तेचाळीसाचं अठ्ठेचाळीस. आणि सव्वा महिन्यानं योगिता तिला घेऊन इथं आली असती, त्यानं शब्दच दिला होता तसा.

"तठली लिखा म्हना," तो म्हणाला. "तामखेडानी. आनि तिले तठेच ऱ्हाऊ द्या. आठे आनू नका."

"आनि माय?"

"ती भी तठेच ऱ्हाऊ दे. पोरनं कोन करी?"

 चिंधा उठला, कोपऱ्यातली बादली घेतली आणि पाटचारीकडे चालू लागला. छायानं त्याला पाहून आपल्या पुढं जागा करून दिली. तो मागंच, रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहिला.